हवाई अंतर बरोबर, प्रवासाचा वेळ मात्र अपुरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकात मराठवाड्यातील विमानप्रवासावर जो लेख आला, त्याच्या शेजारी एक लहानशी चौकट होती. छत्रपती संभाजीनगरहून तीन शहरे किती दूर आहेत आणि विमानाने तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो, याचे आकडे तिच्यात दिले होते : मुंबई २७९ किलोमीटर, ५१ मिनिटे, हैदराबाद ४३२ किलोमीटर, १ तास २ मिनिटे, दिल्ली ९७९ किलोमीटर, १ तास ४३ मिनिटे. मी परभणीतील एका शाळेत एकतीस वर्षे गणित आणि भूगोल शिकवला असून, आकड्यांचा तक्ता दिसला की पेन्सिल हाती घेण्याची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. त्या सवयीने चौकट तपासली तेव्हा अंतराचा रकाना चोख निघाला. वेळेच्या रकान्यावर विसंबून मात्र कोणी मुंबईचा दवाखाना, मुलाखत किंवा कोर्टाची तारीख गाठण्याचा बेत आखला, तर त्याची फसगत ठरलेली आहे.

अंतराची पडताळणी घरबसल्या करता येते. संभाजीनगरचा चिकलठाण्याचा विमानतळ साधारण १९.८६ उत्तर अक्षांश आणि ७५.४० पूर्व रेखांशावर, तर मुंबईचा १९.०९ आणि ७२.८७ वर आहे. उत्तर-दक्षिण फरक पाऊण अंशाहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे ८६ किलोमीटर भरतो. पूर्व-पश्चिम फरक अडीच अंशांचा आणि आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा, म्हणून तो सुमारे २६५ किलोमीटर येतो. या दोन बाजूंवर पायथागोरसचा सिद्धान्त लावला की कर्ण २७९ निघतो. पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचा सिद्धान्त कसा चालेल, ही शंका रास्त आहे, पण इतक्या लहान अंतरात वक्रतेमुळे पडणारा फरक नगण्य असतो. दोन्ही विमानतळांना जोडणारा अगदी सरळ बोगदा जमिनीच्या पोटातून खणला, तरी पृष्ठभागावरच्या मार्गापेक्षा तो अवघा बावीस मीटरने आखूड होईल. लांबच्या प्रवासात गोष्ट वेगळी होते. वर्गात मी पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरायला सांगत असे आणि दोरा अरबी समुद्राकडे न जाता वर युरोपच्या उत्तर भागाकडे सरकला की मुले एकमेकांकडे पाहत. त्यालाच बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात आणि चौकटींतून छापले जाणारे हवाई अंतर हे त्या ताणलेल्या दोऱ्याचेच माप असते.

वेळेचा रकाना मात्र कोणी घड्याळ लावून मोजलेला नाही, हे तीन ओळींवरूनच कळते. तिन्ही वेळांतून प्रत्येकी तीस मिनिटे वजा करावीत. मुंबईसाठी २१, हैदराबादसाठी ३२ आणि दिल्लीसाठी ७३ मिनिटे उरतात, आणि त्या त्या अंतराला या मिनिटांनी भागले की प्रत्येक वेळी ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास एकच वेग हाती येतो. याचा अर्थ असा की कोणत्या तरी यंत्राने अंतराला एका ठरावीक वेगाने भागले आणि चढण्या-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवून उत्तर छापले. विमान कोणत्या जातीचे आहे, धावपट्टी मोकळी आहे की नाही, ऋतू कोणता आहे, इतकेच काय, त्या दिवशी त्या मार्गावर विमान आहे तरी का, यांपैकी एकही गोष्ट या हिशेबात येत नाही. दोन शहरांमध्ये विमानसेवाच नसली, तरीही हे सूत्र तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देईल. परभणी ते बीड विमानाने किती मिनिटे, हेही ते सांगेल.

ताशी आठशे किलोमीटर हा जेट विमानाचा वेग खराच, पण तो पूर्ण उंची गाठल्यावरचा आहे. मुंबईसारख्या जवळच्या प्रवासात ती उंची गाठून विमान स्थिरावते न स्थिरावते तोच उतरण्याची तयारी सुरू होते. उतरण्याचा वैमानिकांचा ढोबळ हिशेब असा असतो की, दर हजार फूट उंचीमागे तीन सागरी मैल हाताशी हवेत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमान चोवीस हजार फुटांवर असेल, तर ७२ सागरी मैल, म्हणजे सुमारे १३३ किलोमीटर आधीपासून उतरायला लागावे लागते. २७९ किलोमीटरच्या वाटेतील जवळजवळ निम्मी वाट अशी उतरण्यात गेली आणि उरलेल्या वाटेचा बराच भाग चढण्यात गेला, की ताशी आठशेने उडण्यासाठी शिल्लक राहते ती एखाद्या तालुक्याएवढी जागा. त्यातही दहा हजार फुटांखाली वेग सर्वसाधारणपणे ताशी २५० सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे ४६३ किलोमीटरच्या आत ठेवायचा असतो. छोटी पंख्याची विमाने तर वरही ताशी पाचशेच्या आसपासच उडतात. ऋतूचा भाग म्हणजे हिवाळ्यात वरच्या थरांत पश्चिमेचे वारे जोरात असतात, म्हणून मुंबईकडे येणाऱ्या विमानाला ते सामोरे येतात आणि परतीच्या विमानाला पाठीमागून ढकलतात. आपल्या तिन्ही मार्गांत याने मिनिटांचाच फरक पडतो, त्यामुळे तो सोडून दिला तरी चालेल.

तिकिटावर जो वेळ छापलेला असतो, तो विमान आकाशात राहण्याचा नसतो, हेही वाचकांना सांगायला हवे होते. विमानाच्या चाकांखालची अडणी काढून ते जागेवरून हलले, तेथपासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबले आणि पुन्हा अडणी लागली, तेथपर्यंतचा वेळ या व्यवसायात ‘ब्लॉक टाइम’ म्हणून मोजतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, रांगेत आपली पाळी येण्याची वाट पाहणे आणि मुंबईच्या आकाशात मारलेल्या घिरट्या हे सारे येते. मुंबईला दोन धावपट्ट्या असल्या, तरी त्या एकमेकींना छेदतात आणि म्हणून एकाच वेळी दोन्ही स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. देशातील सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकाचा भार व्यवहारात एकाच धावपट्टीवर येतो. तिथला खोळंबा कंपन्या आधीच वेळापत्रकात धरून ठेवतात. म्हणून मुंबईचे विमान ‘वेळेआधी पोहोचले’ अशी घोषणा ऐकली की मला नेहमी दहा मिनिटे पुढे लावलेल्या घड्याळाची आठवण होते.

आता माझ्या घरचे उदाहरण देतो. गेल्या हिवाळ्यात सौ.च्या तपासणीसाठी आम्हा दोघांना मुंबईला जायचे होते आणि गुडघेदुखीमुळे तिला लांबचा प्रवास झेपणार नाही, म्हणून मुलाने हट्टाने विमानाची तिकिटे काढून दिली. एका लग्नपत्रिकेच्या रिकाम्या पाकिटावर मी वेळा टिपत गेलो; ते पाकीट हे लिहिताना समोर आहे. परभणीतील घर सोडले तेव्हा १०.३५ झाले होते. रेल्वे ११.१० ला सुटली आणि १७७ किलोमीटर कापून २.४० ला संभाजीनगर स्थानकात आली. स्थानक येण्यापूर्वी ही गाडी चिकलठाण्यावरूनच जाते, म्हणजे जेथे जायचे त्या विमानतळाच्या जवळून आम्ही पुढे गेलो, स्थानकात उतरलो, बॅगा रिक्षात घातल्या आणि जालना रोडने तेवढीच वाट परत पूर्वेकडे आलो. विमानतळाच्या दारात ३.२५. बॅगा देणे, सुरक्षा तपासणी आणि वाट पाहणे यांत दोन तास गेले. विमान जागेवरून ५.३८ ला हलले, ५.५२ ला जमिनीवरून उठले आणि ६.४१ ला मुंबईच्या धावपट्टीला टेकले. जागेवर येऊन थांबायला ६.५५ आणि बॅगा घेऊन बाहेर पडायला ७.३० झाले. दादरला मेहुण्यांच्या घराची पायरी चढलो तेव्हा ८.४० झाले होते.

एकूण दहा तास पाच मिनिटे, त्यांपैकी आकाशात एकोणपन्नास मिनिटे. परभणी ते मुंबई सरळ रेषेतले अंतर सुमारे ४११ किलोमीटर आहे. त्याला दहा तासांनी भागले, तर आमचा वेग ताशी एक्केचाळीस किलोमीटरच्या आत-बाहेर भरतो, आणि इतक्या वेगाने एसटीची लाल गाडीही जाते. याहून बोलकी गोष्ट म्हणजे रेल्वेत समोरच्या बाकावर बसलेल्या एका गृहस्थांशी ओळख झाली होती आणि ते त्याच गाडीने पुढे मुंबईलाच चालले होते. त्यांनी नंतर फोन करून विचारपूस केली, तेव्हा कळले की ते दादरला ९.५० ला उतरले होते. त्यांनी दुपारी डबा उघडला, दोनदा चहा घेतला, एक झोप काढली आणि एकदाही बॅग खांद्यावर न घेता आमच्यामागून फक्त सत्तर मिनिटांनी पोहोचले. सौ.च्या गुडघ्याचे म्हणाल, तर विमानतळावरच्या चालण्याने आणि जिन्याने तो रात्री जो सुजला, तो रेल्वेत खात्रीने सुजला नसता.

विमानप्रवास वाईट, असे मला यातून सुचवायचे नाही. ज्याचे घर जालना रोडवर आहे आणि काम अंधेरीला आहे, त्याला हेच विमान सोन्याच्या मोलाचे आहे. तो घर ते काम चार-साडेचार तासांत उरकतो. दिल्लीच्या बाबतीत तर वादच नाही, कारण हजारभर किलोमीटरच्या प्रवासात विमानतळावर वाया गेलेले तास भरून निघतात. प्रश्न जवळच्या अंतरांचा आणि संभाजीनगर शहराबाहेर राहणाऱ्या मराठवाड्याचा आहे. चौकटीतली ५१ मिनिटे चिकलठाण्याच्या धावपट्टीपासून सुरू होतात. अंबाजोगाई, गंगाखेड, हिंगोली किंवा भोकरदनच्या वाचकासाठी प्रवास तेथे सुरू होत नसतो, अर्ध्यावर आलेला असतो.

वेळेच्या हिशेबात आणखी एक घटक नेहमी सुटतो आणि तो माझ्या मते सर्वांत मोठा आहे. तो म्हणजे दिवसातील फेऱ्यांची संख्या. दर तासाला विमान असेल, तर मनात येईल तेव्हा निघणाऱ्या माणसाला सरासरी अर्धा तास थांबावे लागते. दिवसातून एकच असेल, तर हीच सरासरी बारा तासांवर जाते, आणि ते एक चुकले तर पूर्ण दिवस जातो. मुंबई आणि दिल्ली यांच्यात साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, म्हणजे मुंबई-संभाजीनगरच्या चौपट, परंतु त्या मार्गावर दिवसभरात डझनावारी विमाने उडत असल्यामुळे मुंबईच्या माणसाला सकाळी ठरवून दुपारी दिल्लीत बैठकीला बसता येते आणि रात्री घरी जेवायला परतता येते. संभाजीनगरला यायचे तर त्याला आधी वेळापत्रक पाहावे लागते. व्यवहारात त्याच्यासाठी दिल्ली जवळ आणि संभाजीनगर लांब आहे. नांदेडची कहाणी तर सर्वांना ठाऊक आहे : विमानसेवा सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. २७ एप्रिल २०१७ रोजी केंद्राच्या ‘उडान’ योजनेतील पहिल्या विमानांना हिरवा झेंडा दाखवला गेला, तेव्हा त्यांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. त्या योजनेने सुमारे एका तासाच्या, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटरच्या प्रवासासाठी ठरावीक आसनांना अडीच हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. शासनानेही तास आणि किलोमीटर एकाच मापाचे धरले. पण किनवटच्या माणसाची अर्धी सकाळ नांदेड गाठण्यातच जाते, हे त्या तासात कोठे धरले आहे?

नांदेडचा विषय निघालाच आहे, तर एक विषयांतर माफ करावे. नांदेड आणि मुंबई या दोन ठिकाणांचे विमानतळ जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर, १९ अंशांच्या किंचित वर आहेत. नांदेडहून निघालेले विमान नाक जवळपास अगदी पश्चिमेला ठेवूनच मुंबईला पोहोचते. रेखांशातील फरक मात्र साडेचार अंशांच्या आसपास असल्यामुळे, दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने, नांदेडला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे अठरा मिनिटे आधी उगवतो. घड्याळ दोन्हीकडे एकच असल्याने प्रवासाच्या वेळेत याची भर पडत नाही, म्हणून गणिताला याचा उपयोग नाही. भूगोल शिकवणाऱ्याला राहवले नाही, इतकेच.

या दोन शहरांतील सरळ अंतर सुमारे ४६८ किलोमीटर आहे आणि रेल्वेने तेच ६१० च्या आसपास भरते, कारण रेल्वे पश्चिमेला न जाता वायव्येकडे मनमाडपर्यंत चढते आणि मग खाली वळते. विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या राज्यात हैदराबादहून मनमाडपर्यंत जी मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे टाकली गेली, तिचे वळण आपण अजून पायाखाली घालत आहोत. १९९० च्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत मनमाडला एक गाडी सोडून दुसरी धरावी लागे आणि मधल्या वेळात पुलावर बोचकी सांभाळत बसावे लागे, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. पुण्याची स्थिती याहूनही विचित्र आहे. संभाजीनगर ते पुणे सरळ रेषेत सुमारे २१० आणि रस्त्याने २३५ च्या आसपास किलोमीटर असताना, मनमाड-दौंडमार्गे रेल्वेने तेच अंतर चारशेहून अधिक होते. म्हणून पुण्याला जाणारा कोणीही स्थानकावर जात नाही. तो एसटीच्या किंवा खासगी गाडीच्या रांगेत उभा राहतो. हवाई अंतराच्या चौकटीला खरा उपयोग आहे तो येथे. सरळ रेषा आणि प्रत्यक्ष वाट यांच्यात कोठे किती तफावत आहे, हे तिच्यामुळे एका दृष्टिक्षेपात दिसते आणि नव्या मार्गाची मागणी कोठे करायची, तेही कळते. तसा तिचा उपयोग मी अद्याप कोठे पाहिलेला नाही.

गेल्या काही वर्षांत परिस्थिती बदलली आहे आणि वेळेचे आकडे छापताना तेही ध्यानात घ्यावे लागेल. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला होत ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा भाग सुरू झाला, त्यामुळे संभाजीनगरहून मोटारीने भिवंडीच्या वेशीपर्यंत पोहोचणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले. तेथून पुढच्या ठाणे-मुंबईच्या गर्दीचा अंदाज कोणतेही यंत्र देत नाही. ‘वंदे भारत’ गाडी ३० डिसेंबर २०२३ पासून जालन्याहून मुंबईला धावू लागली आणि २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढवली गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आहे. चिकलठाण्यापासून तो जुन्या विमानतळापेक्षा सुमारे पंधरा किलोमीटरने जवळ पडतो, पण ज्याला बोरिवलीला जायचे आहे, त्याने त्या पंधरा किलोमीटरांचा आनंद मानावा की नाही, हे त्याने स्वतःच ठरवावे.

आपणास विनंती एवढीच आहे की, यापुढे अशी चौकट छापताना वेळेचा रकाना सूत्राने भरू नये. वेळापत्रकातील सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ घ्यावी, तिच्यात विमानतळावर आधी पोहोचण्याचा वेळ मिळवावा, त्या मार्गावर दिवसाला किंवा आठवड्याला किती फेऱ्या आहेत तो आकडा द्यावा, आणि निदान दोन-तीन ओळी संभाजीनगरऐवजी जालना, बीड, परभणी, लातूर अशा ठिकाणांहून सुरू कराव्यात. आपले वार्ताहर या प्रत्येक गावी आहेत. त्यांनी एकदा घड्याळ लावून प्रवास केला, तर महिन्याभरात असा तक्ता तयार होईल आणि तो कापून ठेवण्याजोगा असेल. एवढ्याला जागा पुरत नसेल, तर किलोमीटरचा रकाना खुशाल गाळावा. तो वाचकाला घरी पट्टी आणि नकाशा घेऊन काढता येतो.

परभणी ते मुंबईच्या ओळीसाठी माझे पाकीट उपलब्ध आहे. परतीच्या प्रवासाच्या वेळाही त्याच पाकिटाच्या दुसऱ्या बाजूला लिहिलेल्या आहेत. तो प्रवास आम्ही रेल्वेने केला.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षक,
परभणी